कोमार इंटिग्रलमधून कोनीय संवेग जे/३ च का येतो?

वरुड_अभ्यासगट: मंडळी, कोमार इंटिग्रलने (सममितीच्या आधारे पिंडाभोवतीच्या गोलावरून त्याचा कोनीय संवेग ‘जे’ काढायची रीत) ‘जे’ काढायला केर मेट्रिकचं (फिरत्या कृष्णविवराभोवतीच्या स्थल-काळाचं सूत्र) दूरच्या अंतरावरचं रूप घेतलं (जी = सी = १). टी-फाय घटक −२जे साइन²थीटा / आर. त्याचा आर-सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेऊन गोलावर इंटिग्रेट केला, १६ पायने भागलं. उत्तर जे/३. शिवाय हा ‘जे’ पिंडाचा, की त्यातला काही बाहेरच्या क्षेत्रात असतो?

अचलपूर_भौतिकी: भाऊ, एक पद सुटलं. इंडेक्स वर चढवताना टी-फाय घटकाच्या डेरिव्हेटिव्हसोबत आणखी एक गुणाकार येतो: इन्व्हर्स मेट्रिकचा टी-फाय घटक (−२जे/आर³) गुणिले फाय-फाय घटकाचा डेरिव्हेटिव्ह (२आर साइन²थीटा). लहान समजून तो सोडतात, पण दोन्ही पदं ‘जे’च्या पहिल्याच घाताची आहेत. जे साइन²थीटा/आर² च्या मापात पहिलं २, दुसरं ४, चिन्ह एकच. बेरीज ६. मग ६ × ४/३ × २ पाय = १६ पाय, म्हणजे पूर्ण ‘जे’. ताळा पाहायला ओमेगा (फिरता पिंड भोवतालचा स्थल-काळ ज्या कोनीय वेगाने ओढतो तो) = २जे/आर³ घ्या आणि आर² साइन²थीटा गुणिले ओमेगाचा डेरिव्हेटिव्ह काढा; तेच ६ येतं.

दर्यापूरकर: दुसऱ्या प्रश्नाचं. निर्वातात रिची टेन्सर (वक्रतेचा पदार्थाशी जोडलेला भाग) शून्य, म्हणून पिंडाला वेढणारा कुठलाही गोल घ्या, इंटिग्रल बदलत नाही. बागेच्या पाटाला मधे फाटा नसला की दोन्ही टोकांना पाणी सारखंच. म्हणजे या मापाने बाहेरच्या क्षेत्राचा वाटा शून्य. केर-न्यूमनमध्ये (फिरतं आणि विद्युतभारित कृष्णविवर) मात्र विद्युतचुंबकीय क्षेत्र स्वतः कोनीय संवेग बाळगतं, तिथे उत्तर आर प्रमाणे बदलतं. हे सगळं अक्षसममिती असेल तरच. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांत फाय-दिशेचा किलिंग सदिशच (मेट्रिकची सममिती दाखवणारा सदिश) नसतो, आणि गुरुत्वीय लहरी कोनीय संवेग घेऊन जातात.

वरुड_अभ्यासगट: ओमेगात पृथ्वीचे आकडे टाकले, ग्रॅव्हिटी प्रोब बी (हा परिणाम जायरोस्कोपने मोजणारा उपग्रह) च्या उंचीला वर्षाला सुमारे १६४ मिलिआर्कसेकंद येतात. अपेक्षित ३९.२ होतं ना?

अचलपूर_भौतिकी: ओमेगा बरोबर आहे, पण जायरोस्कोप तेवढा वळत नाही. ध्रुवीय कक्षेवर सरासरी काढली की ओमेगा/४ उरतो, म्हणजे ४१. मार्गदर्शक तारा विषुववृत्तापासून सुमारे १७ अंश वर, त्याच्या कोसाइनने गुणा, ३९ येतात. २०११ मध्ये जाहीर झालेलं मोजमाप ३७.२ ± ७.२. लॅजिऑस उपग्रहाच्या कक्षेचा पातबिंदू (कक्षा विषुववृत्ताची पातळी ओलांडते तो) मात्र त्याच्या उंचीवरच्या पूर्ण ओमेगाने सरकतो, वर्षाला ३१. तिथे ४ ने भागू नका.