शब्दचर्चा : ‘समर्पित’ न वापरता कसं लिहावं?

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एका काकूंवर स्मृतिलेख लिहायला घेतला आहे. घर, फ्रेंच आणि स्वयंसेवा ही त्यांची तीन विश्वं. मी लिहिलं, ‘कुटुंब, फ्रेंच संस्कृती आणि स्वयंसेवेला समर्पित असं त्यांचं जीवन होतं.’ व्याकरण ठीक आहे, पण हे वाक्य कुणाबद्दलही लिहिता येईल. शिवाय ‘स्वयंसेवा’ म्हटलं की उपाहारगृहातली पाटी आठवते, जिथे आपलं ताट आपणच उचलायचं असतं. काय करावं?

प्रतिसाद : तिन्ही गोष्टींना एकच शब्द लावलात, इथेच गडबड आहे. ‘समर्पित’ ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत शोभतो. माणसाबद्दल मराठीत ‘वाहून घेणे’ आहे. देवाला फूल वाहतो तोच हा ‘वाहणे’. पण तोही कुटुंबाला लावू नका. घरच्यांना माणूस जीव लावतो, त्यांच्यासाठी खस्ता खातो. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द मला फार आवडतो. ‘वत्स’ म्हणजे वासरू, आणि गायीची वासराकडची ओढ त्यात आहे. मृत्युलेखांत मात्र तो बहुधा पुरुषांच्या वाट्याला येतो, जणू बाईनं घर सांभाळणं गृहीतच. या काकूंना तो जरूर द्या.

प्रतिसाद : फ्रेंचचं नातं नेमकं कसलं होतं? आवड, छंद, नाद, व्यासंग, ध्यास हे एकमेकांच्या जागी चालणारे शब्द नाहीत. आवड बसल्याजागी असू शकते, नादात थोडी बेफिकिरी असते, व्यासंगाला वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो.

प्रश्नकर्ती : व्यासंगच. त्यांच्या फ्रेंच कोशाच्या समासात पेन्सिलीनं मराठी प्रतिशब्द लिहिलेले आहेत. काही खोडून पुन्हा लिहिलेले, काहींपुढे नुसतं प्रश्नचिन्ह. नातवंडांना ‘त्यु’ आणि ‘व्हु’ शिकवताना सांगायच्या, ‘आपल्या तू आणि तुम्हीसारखंच, फक्त तिथे आजीलाही त्यु चालतं.’ आणि अंध विद्यार्थ्यांसाठी त्या परीक्षेत लेखनिक म्हणून बसायच्या. उत्तर चुकतंय हे कळत असूनही तसंच लिहावं लागतं, याचा त्यांना फार त्रास व्हायचा.

प्रतिसाद : मग तुमचा लेख इथेच आहे! ‘लेखनिक’ हा नेमका शब्द हाताशी असताना ‘समाजसेविका’ कशाला? फ्रेंचमध्ये अशी सेवा करणाऱ्याला ‘बेनेव्होल’ म्हणतात. मूळ लॅटिन, भलं इच्छिणारा असा अर्थ. मोबदला न घेता संस्थेचं काम करणारा तो बेनेव्होल. ‘व्होलोंतेर’ वेगळा. 2010 मध्ये फ्रान्सनं तरुणांसाठी जी नागरी सेवा सुरू केली, तिच्यात ठरावीक मुदतीचा करार असतो आणि दरमहा भत्ताही मिळतो. त्या तरुणांना व्होलोंतेर म्हणतात. आपण दोघांनाही ‘स्वयंसेवक’ म्हणून मोकळे होतो. पद असेल तर ‘मानद’, काम असेल तर ‘विनामोबदला’ म्हणावं. ‘फुकट’ अजिबात नको, त्यानं कामाची किंमत जाते.

प्रतिसाद : ‘फ्रँकोफोन’ लिहू नका. तो फ्रेंच बोलणारा. ‘फ्रँकोफोनी’ हा शब्द ओनेझिम रेक्लू या भूगोलज्ञानं 1880 च्या सुमारास वापरात आणला, तोही फ्रेंच बोलणाऱ्या प्रदेशांसाठी. प्रेम दाखवायचं तर ‘फ्रँकोफाइल’. मराठीत ‘फ्रान्सप्रेमी’ सरळ आहे, पण त्यात देश येतो आणि भाषा मागे पडते. काकूंची ओढ भाषेकडे असेल तर ‘फ्रेंचच्या व्यासंगी’ लिहा. पेशवेकालीन कागदांत फ्रेंचांना ‘फरासीस’ म्हटलेलं आढळतं. शब्द सुरेख आहे, पण स्मृतिलेखात नको, वाचक तोफांकडे जाईल.

प्रतिसाद : नावाआधी ‘कै.’ लावणार असाल तर घरच्यांना विचारा. कैलासवासी ही कल्पना सर्वांना मान्य असेलच असं नाही. ‘दिवंगत’मध्येही मुळात स्वर्गच आहे, पण आता ते कुणाला जाणवत नाही.

प्रश्नकर्ती : आता असं लिहिलं आहे : ‘काकू कुटुंबवत्सल होत्या, आणि घरातल्या प्रत्येकाला त्यांनी जीव लावला. फ्रेंचचा त्यांचा व्यासंग अखेरपर्यंत चालू होता. अंध विद्यार्थ्यांच्या लेखनिक म्हणून त्यांनी विनामोबदला काम केलं, आणि ते करताना विद्यार्थ्याचा शब्द कधी बदलला नाही. फ्रेंच संस्कृतीप्रेमी मंडळींना त्यांची उणीव जाणवेल.’

प्रतिसाद : छान उतरलं आहे. एकच दुरुस्ती : ‘संस्कृती’ एकटा असताना दीर्घ, पण समासात पहिल्या पदी आला की ऱ्हस्व. ‘संस्कृतिप्रेमी’ करा. ‘स्मृतिलेख’ तुम्ही बरोबर लिहिलाच आहे.