सोरायसिसवर चिनी निळीचं मलम: हसण्यावारी नेताय की विचार करताय?

नीळकंठ_सातारा:
चौदा वर्षं झाली सोरायसिसला. दोन्ही कोपरं, गुडघे आणि डोक्यात केसांच्या कडेने, थंडी सुरू झाली की काळा शर्ट कपाटातच राहतो कारण खांद्यावर भुसा पडतो नुसता. कोल टार झालं, स्टिरॉइडची मलमं झाली, मेथोट्रेक्सेट हे औषध चालू होतं ते लिव्हरचे आकडे वर गेले म्हणून डॉक्टरांनी थांबवलं. तर मुद्दा असा की चिनी औषधाचं नाव काढलं की आपल्याकडे 'चायना माल' म्हणून हसतात. पण छिंग दाई म्हणून त्यांची एक पूड आहे, म्हणजे नीळच, पानं पाण्यात कुजवायची, चुना टाकून घुसळायचं, वर निळा फेस येतो तो काढून वाळवायचा. तैवानच्या चांग गुंग हॉस्पिटलमधल्या लिन यिन-कू यांच्या टीमने २००८ मध्ये तिचं मलम ४२ पेशंटवर वापरून बघितलं, एकाच माणसाच्या एका बाजूला निळीचं मलम, दुसऱ्या बाजूला नुसता बेस, म्हणजे औषध न घातलेलं मलम, १२ आठवडे. ३१ जणांचे चट्टे निळीच्या बाजूचे गेले किंवा जवळजवळ गेले. आपल्या स्किनवाल्यांनी यावर निदान बोलावं तरी, एवढंच म्हणणं आहे. विरोधात काय असेल ते बिनधास्त लिहा.

औषधवाला:
लिहितो. वीस वर्षं काउंटरमागे उभा आहे म्हणून लिहितो. ४२ माणसं म्हणजे फार थोडी. आणि अहो निळं मलम निळं दिसतं की! तपासणाऱ्याला सांगितलं नव्हतं हे ठीक, पण कुठल्या हाताला औषध आहे हे पेशंटला पहिल्या दिवशीच कळणार. दुसरं म्हणजे झाडपाला आहे म्हणजे अपाय नाही हे डोक्यातून काढा. जपानमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येतात त्या आजारावर, लोक हीच पूड पोटात घ्यायला लागले आणि काहींना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढायचा आजार झाला, २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला.

नीळकंठ_सातारा:
मी कोपराला लावायचं बोलतोय, तुम्ही पोटात नेलंत.

औषधवाला:
मी नाही नेलं, लोक नेतात. मलमाने बरं वाटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'याची गोळी येते का?'

कोपरखळी:
माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगते. तिला कोणीतरी 'चायनीज हर्बल' म्हणून एक डबी आणून दिली, वर हिरव्या पानाचं चित्र आणि ज्यातलं एक अक्षर वाचता येत नाही असं लेबल. दहा दिवसांत कातडी लहान बाळासारखी, आम्ही सगळे खूश, आईने तर देवापुढे पेढे ठेवले. डबी संपली आणि तीन आठवड्यांत आधी होतं त्याच्या दुप्पट अंगावर आलं, वर काखेजवळची कातडी इतकी पातळ की शिरा दिसायच्या. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले स्टिरॉइड आहे यात. हे काही नवीन नाही, १९९९ मध्ये लंडनमध्ये अशी त्वचारोगावर दिलेली ११ चिनी क्रीमं तपासली होती, ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टिरॉइडच. नीळ चांगली असेल हो, पण डबीत नीळच आहे हे कोण सांगणार?

शिंचूकर:
तैवानमध्ये नोकरीला आहे म्हणून थोडं. इथे चिनी औषधांचे डॉक्टर वेगळं लायसन्स घेऊन बसतात, सरकारी विम्यात ते बसतं, त्यामुळे डबीचा प्रकार आणि हा प्रकार एका मापात मोजू नका. आमच्या ऑफिसातला एकजण लावायचा. फरक होता, मी डोळ्याने बघितला, पण त्याच्या कीबोर्डचा स्पेसबार निळा, शर्टाची बाही निळी, बायको म्हणे उशीचे अभ्रे वेगळे धुते. याच लिन बाईंच्या टीमने पुढे रंग बराचसा काढून टाकलेलं मलम जुन्याशी ताडून बघितलं आणि तेही तितकंच चाललं, म्हणजे गुण निळ्या रंगात नाही.

मुळाशी:
बरोबर, गुण बराचसा इंडिरुबिनमध्ये असावा असं धरतात, निळीतच थोडासा असणारा तांबडट भाऊ. तो पेशीतल्या एएचआर नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीतलं एक कुलूपच समजा, जाऊन चिकटतो. आणि मजा म्हणजे अमेरिकेत २०२२ मध्ये सोरायसिसवर मंजूर झालेलं तापिनारॉफ क्रीम त्याच रिसेप्टरवर काम करतं. ते मूळचं सापडलं सूत्रकृमींच्या पोटातल्या बॅक्टेरियात! म्हणजे चिनी वैद्यांचा हात योग्य कुलपावर पडला होता, किल्ली दुसरी निघाली.
अवांतर: सोरायसिसवरचं जुनं औषध डिथ्रॅनॉलही असंच. ब्राझीलच्या झाडाची पूड पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्या गोव्यात आली, 'गोवा पावडर' म्हणून जगभर गेली, तिच्यातल्या द्रव्यावरून १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल आलं. तेही कपड्यांना डाग पाडतं. सोरायसिसच्या औषधांचं आणि धोब्याचं काय साटंलोटं आहे कोण जाणे.

औषधवाला:
मुळाशी साहेब, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. द्रव्य वेगळं काढा, ट्यूबवर टक्के लिहा, मग मी स्वतः विकतो. नाहीतर लेइ गोंग तेंग बघा, त्याच परंपरेतली वेल, सोरायसिसवर उतार पडतो हे खरंच, पण पुरुषांचे शुक्राणू कमी होतात, लिव्हरला त्रास होतो.

कोपरखळी:
औषधवाले काका, मेथोट्रेक्सेटने काय लिव्हरला गुदगुल्या होतात का? त्यावर ओरडत नाही तुम्ही.

औषधवाला:
ओरडत नाही कारण त्याची मात्रा माहीत आहे, आठवड्यातून एकदा, आणि मध्ये रक्त तपासतात. नीळकंठरावांचं म्हणूनच वेळेत थांबलं ना? वेलीच्या काढ्यात किती गेलं कोण मोजतंय.

नीळकंठ_सातारा:
हे मात्र पटलं, मला स्वतःला रिपोर्टनेच वाचवलं. पण 'टक्के लिहा' म्हणणं सोपं आहे, ते लिहायला कोणीतरी अभ्यास करायला लागतो आणि चिनी म्हणून हसत बसलं तर तो होणार कधी? असो. बुधवारी स्किनवाल्यांकडे नंबर आहे, इंडिरुबिनचं आणि तापिनारॉफचं दोन्ही विचारतो, मिळत असेल नसेल ते कळेल. तोवर मागवत काही नाही. शिंचूकर, एक सांगा, तो डाग जातो का शेवटी?

शिंचूकर:
नाही जात. नीळ आहे ती. तो जुने बनियन ठेवायचा रात्रीसाठी.