घोड्याच्या रक्तातले प्रतिविष आणि बोकडाचे मटण: दोन्हींना एकच न्याय लावायचा का?

प्रश्न (शिक्षिका, जि. परभणी)

खुरपणीच्या दिवसांत आमच्या गावातील एका शेतमजूर बाईंना घोणस चावली आणि तालुक्याच्या रुग्णालयात प्रतिविष वेळेवर मिळाल्यामुळे त्या वाचल्या. त्यानंतर माझ्या अकरावीतील एका विद्यार्थिनीने विचारले की, हे औषध घोड्याला सापाचे विष टोचून तयार करतात, हे खरे आहे का? खरे आहे, असे सांगितल्यावर तिने मांडलेल्या मुद्द्याला मला समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. तिचे म्हणणे असे की, प्राण्यांना हक्क आहेत असे मानायचे असेल, तर मटण आणि हे इंजेक्शन दोन्ही नाकारली पाहिजेत. आणि इंजेक्शन चालत असेल, तर मटण खाणाऱ्याला बोल लावण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. तिने स्वतः मांसाहार सोडला आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद (औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

ताई, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. मात्र तिने दोन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्या आहेत, असे मला वाटते.

आधी वस्तुस्थिती सांगतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अल्प मात्रेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वाढवत घोड्याला टोचले जाते. त्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे विष निष्प्रभ करणारी प्रथिने, रक्तद्रवातून वेगळी काढतात आणि जिथे काम नीट चालते तिथे तांबड्या पेशी त्याच घोड्याला परत देतात. यासाठी घोडा मारावा लागत नाही, पण टोचल्या जागी गाठी आणि गळवे येतात, आणि रक्त वाजवीपेक्षा जास्त वेळा काढले तर त्याला रक्तक्षय होतो. याहून कमी बोलली जाणारी गोष्ट उंदरांची आहे. १ मिलिलिटर प्रतिविषाने नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे, असे आपल्याकडचे प्रमाण आहे. ते तपासताना विष आणि प्रतिविष यांचे मिश्रण उंदरांना टोचून किती उंदीर जगले, हे मोजतात. जे जगत नाहीत त्यांचे मरण ज्याने पाहिले आहे, त्याला यात काही वावगे नाही असे म्हणता येणार नाही.

तरीही मी हे औषध नाकारणार नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतील होती, आणि विष उतरवणारा दुसरा इलाज आज रुग्णालयाच्या कपाटात नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह प्रयोगशाळेत घडवलेले एक मानवी प्रतिपिंड नाग आणि मण्यार यांच्या कुळातील सापांच्या विषातील एका प्रमुख घटकावर चालते, असे २०२४ साली दाखवले. घोणस आणि फुरसे यांची विषे वेगळ्या प्रकारची असल्याने त्यांच्यावर ते चालत नाही. शिवाय तेही उंदरांवरच तपासले गेले, हे मुलीला जरूर सांगावे.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने रोगनिवारणासाठी प्रयोगांना मुभा दिली आहे, पण पुस्तके किंवा प्रतिकृती यांनी काम भागत असेल तिथे प्रयोग टाळावेत, असेही त्यात म्हटले आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे. शाम्पूसाठी सशाच्या डोळ्यात रसायन घालणे आणि मरणाऱ्या माणसासाठी घोड्याचे रक्त घेणे यांत जो फरक आहे तो गरजेचा आहे, आणि मटणालाही तीच कसोटी लावावी.

प्रतिसाद (शेळीपालक, भूम, जि. धाराशिव)

सरांची कसोटी मान्य आहे, पण गरज कोणाची हेही पाहावे लागेल. आमच्या माळरानावर खरीप हातचा गेला की उस्मानाबादी शेळीच घर तारते. ती बहुधा जुळी करडे देते. पाठी, म्हणजे मादी करडे, आम्ही ठेवतो, बोकड विकतो, आणि मुलांची फी व दवाखाना त्यातूनच भागतो. खाणारा मटणावाचून राहू शकेल, विकणाऱ्याला मात्र आज दुसरा आधार नाही.

मला अस्वस्थ करते ते त्या बोकडाचे शेवटचे दोन दिवस. चारही पाय बांधून मोटारसायकलवर आडवे टाकलेले, नाहीतर टेम्पोत एकावर एक कोंबलेले, भर उन्हात पाण्यावाचून धापा टाकणारे बोकड कोणत्याही आठवडी बाजाराच्या दिवशी दिसतात. एका जनावरासमोर दुसरे कापू नये, असे २००१ चे कत्तलखाना नियम सांगतात, आणि आमच्याकडे उघड्यावर, बांधलेल्या बोकडांच्या देखतच सुरी चालते. हे हाल थांबवल्याने कोणाचीही रोजीरोटी बुडणार नाही. हक्काची चर्चा इथून सुरू झाली तर आम्हीही तिच्यात उतरू.

प्रतिसाद (लातूर)

मी दूधही घेत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची चटणी आणि भाज्या यांवर माझे उत्तम चालते. फक्त बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी न चुकता घ्यावी लागते. भूमच्या दादांची अडचण खरी आहे, पण विकणाऱ्याची उपजीविका चालते म्हणून बोकडाच्या जिवाचा प्रश्न मिटत नाही. शिवाय ती अडचण शहरातल्या माझ्यासारख्या पगारदाराला ढाल म्हणून वापरता येणार नाही. मला मटणाला पर्याय आहे आणि घोणस चावलेल्या बाईंना प्रतिविषाला पर्याय नव्हता, म्हणून मटण सोडून इंजेक्शन घेण्यात मला विसंगती दिसत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. विद्यार्थिनीला हे वाचून दाखवले. तिचा पुढचा प्रश्न असा आहे की, गरज आहे की नाही हे माणूसच ठरवणार असेल, तर उंदराची बाजू कोण मांडते?

प्रतिसाद (औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक)

प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत नीतिसमिती असावी लागते, आणि तिच्यावर संस्थेबाहेरचे सदस्य असतात. त्यांत एक जागा वैज्ञानिक नसलेल्या, सामाजिक भान असलेल्या व्यक्तीची असते. हेच उत्तर कमी उंदरांत मिळेल का, आणि मरणाची वाट न पाहता वेदनेची लक्षणे दिसताच प्रयोग थांबवता येईल का, हे दोन प्रश्न त्या जागेवरून प्रत्येक प्रस्तावाच्या वेळी विचारता येतात. अनेकदा ते विचारले जात नाहीत. आपल्या विद्यार्थिनीला पुढे या क्षेत्रात यावेसे वाटले, तर या समितीची कार्यपद्धती तिने आतापासूनच वाचायला घ्यावी. लागणारी कागदपत्रे मी पाठवीन.