तोंडाला वास येतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मासुंदाकाठची
काल गोखले रोडला चष्म्याच्या दुकानात गेले होते. तो मुलगा अगदी तोंडाशी येऊन चष्मा सारखा करत होता आणि सगळा वेळ श्वास रोखून! मला एकदम २०११ आठवलं.

तेव्हा ऐरोलीला नोकरी, रोज ठाणे-वाशी लोकल. ऑफिसात शेजारी बसणारी बाई मी काही विचारलं की आधी खुर्ची मागे सरकवायची, मग उत्तर द्यायची. मला वाटायचं शिष्ट आहे. मग एकदा सासूबाईंनी लसूण सोलता सोलता, वर न बघता सांगितलं, "अगं, तुझ्या तोंडाला वास येतो. रागावू नकोस." रागावले. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे.

दोनदा ब्रश करणारी मी, पण खालच्या पुढच्या दातांच्या आतून एवढं कीटण की आरशात बघून लाज वाटली. हिरड्यांतून रक्त यायचं, तर म्हणे ब्रश कडक असेल, असं म्हणून मीच सोडून दिलेलं. स्केलिंग केलं, दातांच्या फटींतून दोरा फिरवायला शिकवलं. पहिल्या रात्री दाढेतून काढलेला दोरा नाकाशी धरला... खुर्ची का सरकायची ते कळलं.

सांगा तुमचं.

मिसळवाला_ठाणे
हे वाचत वाचत मामलेदारची मिसळ खाल्ली, वर दोन वाट्या कच्चा कांदा. आता लोकलमध्ये आहे. शेजारच्या काकांची माफी मागतो.

पूर्वा_नेरूळ
माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. भयंकर वास, आम्ही रोज तोंड तपासतोय, दात मोत्यासारखे. आईचं म्हणणं जंत झालेत. मग लक्षात आलं की एकाच नाकपुडीतून पिवळं पाणी येतंय. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने भांड्यांच्या स्पंजाचा तुकडा काढला!! किती दिवस आत होता देव जाणे. घरी पिन घालून काढायला जाऊ नका कुणी, आत ढकलला जातो.

लसूणगल्ली
आमचं वाशी मार्केटला लसणाचं काम. दुपारी ठेचा-भाकरी. बायको म्हणते ब्रश करून ये. अगं पण लसूण रक्तातून फुप्फुसात जातो नि श्वासातून येतो, ब्रश काय करणार? तो आपल्या वेळेनेच जातो.

मिसळवाला_ठाणे
दादा, लसूण काय भाव सध्या?

खुर्चीमागचा_डॉक्टर
दोन पेशंटच्या मध्ये लिहितोय. बहुतेक वेळा कारण तोंडातच असतं, पोटात नाही. जिभेच्या मागच्या भागावर थर बसतो, तिथले जंतू गंधकाचे वायू तयार करतात, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास. लोक टंग क्लीनर पुढच्या पुढेच फिरवतात. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला येतो, त्याचं टेन्शन नको. सर्दीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. क्लोरहेक्झिडीनची चूळ मनाने महिनोन्महिने भरू नका, दात तपकिरी होतात. घरी बघायचं तर चमच्याने जिभेचा मागचा भाग खरवडा, मिनिटभराने हुंगा.

कोपरीकर
हुंगला. जेवण गेलं नाही.
माझं वेगळंच. खोकताना तांदळाच्या कणीएवढा पांढरा खडा पडला, बोटांनी चिरडला आणि आई शप्पथ! टॉन्सिलच्या खड्ड्यात अन्न नि मेलेल्या पेशी साचून होतात म्हणे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, आता क्वचितच.

शुभदा_घणसोली
हे हसण्यावारी नेऊ नका. भावाच्या तोंडाला गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायला लागला, सोबत उलट्या आणि धाप. आम्हाला वाटलं काहीतरी पिऊन आलाय. साखर ५०० च्या वर, तडक ऍडमिट. १९ वर्षांचा होता, डायबेटिस आहे हेच माहीत नव्हतं. आता बरा आहे, इन्सुलिन घेतो.

मासुंदाकाठची
बापरे शुभदा. काळजी घ्या गं.

पूर्वा_नेरूळ
घोडबंदर साइडला चांगला डेंटिस्ट आहे का कुणी? बहिणीला हवाय.

कोपरीकर
तिकडच्या ट्रॅफिकमध्ये पोचेपर्यंत दात आपोआप पडतील.

नाव_नको
नवऱ्याला कसं सांगू? गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे म्हणे, आमच्या घरात नाही. वासाबद्दल बोललं की वेलची चघळतो. हल्ली तिखट अजिबात सहन होत नाही, पोळीचा घासही छोटा करून खातो.

खुर्चीमागचा_डॉक्टर
ताई, वास राहू द्या बाजूला. त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का बघा. गालाच्या आत पांढरट, कडक लागतंय का?

नाव_नको
आत्ताच करून बघितलं. दोनच जातात. गाल आतून पांढरा दिसतोय.

खुर्चीमागचा_डॉक्टर
याच आठवड्यात दाखवा. गुटखा-सुपारी आजपासून बंद, बाकीचं तपासल्यावर ठरेल.

नाव_नको
रविवारी सकाळची वेळ मिळाली. चिडलाय माझ्यावर.

मासुंदाकाठची
चिडू दे. मी तर दोन दिवस बोलले नव्हते.

कोपरीकर
दवाखाना घोडबंदरला असेल तर शनिवारीच निघा.