मदत हवी आहे: गालाच्या आत पांढरा चट्टा, दातांच्या पेशंटमध्ये असं किती जणांना निघतं?

रातराणी: दाढ दुखत होती म्हणून डेंटिस्टकडे गेले तर दाढेचं राहिलं बाजूला, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणे, कॅन्सरच्या आधीची स्टेज असू शकते, बायोप्सी करावी लागेल. मला फक्त एवढंच सांगा, शंभरात किती जणांना असं निघतं? नेटवर कुठे 2 टक्के, कुठे 10, काहीच कळेना. प्लीज लवकर सांगा.

कोपरा: अहो चट्टा पुसला की जातो का? वय काय? तंबाखू, सिगरेट, सुपारी? काहीच लिहिलं नाहीये.

मुळाक्षर: माझ्या मेव्हण्याला सेम होतं. बी-कॉम्प्लेक्स घेतलं, आठवड्यात साफ. बायोप्सीच्या नादी लागू नका.

दंतपाल: मुळाक्षर, तो साधा छाला असणार, उगाच सल्ले नका देऊ. ताई, मी डेंटिस्ट आहे. जगभरातले सर्व्हे एकत्र केलेला 2018 चा अभ्यास आहे, त्यात साधारण साडेचार टक्के येतात, नुसत्या आशियातले धरले तर 10 च्या वर. आकडे एवढे वेगळे का, तर कोणी घरोघरी जाऊन तपासतं, कोणी दवाखान्यात आलेल्यांनाच मोजतं, कोणी लायकेन प्लॅनस (तोंडात पांढऱ्या जाळीसारख्या रेषा उठवणारा आजार) धरतं, कोणी नाही.



रातराणी: वय 46. पुसून जात नाही. तंबाखू कधीच नाही, जेवणानंतर सुपारी खाते, ती पण मोजायची का? त्या दाढेचा तुकडा उडालाय, कड गालाला लागते, चट्टा बरोबर तिथेच आहे.

दंतपाल: हे आधी सांगायचं ना! सुपारी मोजायचीच, तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, आजपासून बंद करा. दाढेची कड घासून गुळगुळीत करून घ्या, घासल्यामुळे आलेला चट्टा असेल तर दोन आठवड्यांत फिका पडतो. तसाच राहिला तर बायोप्सी.

कोपरा: डॉक्टर, थांबायला कशाला सांगताय? आमच्या काकांच्या बाबतीत असंच बघू बघू करत राहिले. सरळ तुकडा काढून तपासा.

दंतपाल: चट्ट्यात लाल भाग असेल, हाताला कडक लागत असेल किंवा जखम असेल तर एक दिवसही थांबू नये, हे मान्य. नुसता पांढरा, त्यात समोर धारदार दाढ, तर आधी कारण काढतात. सुपारीने तोंड उघडणं कमी होऊ शकतं, म्हणून विचारणं आहे: तोंड उघडल्यावर तीन बोटं उभी आत जातात का?

मुळाक्षर: लोकांना घाबरवून बिलं वाढवतात, दुसरं काही नाही.

रातराणी: बोटं जातात. लाल काही दिसत नाही. उद्या कड घासायला जातेय. पण शंभरात चार-पाच म्हणजे एवढ्या लोकांना कॅन्सर होतो?

दंतपाल: नाही हो, बहुतेकांना होत नाही. पांढऱ्या चट्ट्यांमध्ये साधारण दहातल्या एकाचा पुढे होतो, लाल असेल तर धोका बराच जास्त. दुखत नाही म्हणून लोक येतच नाहीत, दुसऱ्याच दाताच्या तक्रारीला आले की सापडतं. बायोप्सी झालीच तर रिपोर्टमध्ये डिसप्लेसिया (पेशींमधले कॅन्सरकडे झुकणारे बदल) लिहिलंय का आणि किती, ते इथे टाका.