शब्दचर्चा: ‘जर्मलाइन’ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडाकर: विज्ञान मासिकासाठीच्या भाषांतरात अडलोय. ‘सी. एलेगन्स’ हा मिलिमीटरभर सूत्रकृमी. त्याच्या गर्भात पीजीएल-१ हे प्रथिन कुठं असतं, हा विषय. ते असतं पी-कणांत, म्हणजे पेशीतल्या प्रथिन-आरएनएच्या बारीक ठिपक्यांत. फलित अंड्यात कण आधी सगळीकडे, पण पहिल्या विभाजनापूर्वीच मागच्या टोकाला गोळा होतात. मग दर वेळी एकाच पेशीच्या वाट्याला जातात: पी१, पी२, पी३, पी४. पी४पासून झेड२ आणि झेड३. पुढची सगळी अंडी नि शुक्रपेशी या दोघींची. पेशींच्या या परंपरेला, म्हणजे जर्मलाइनला, मी ‘जननवंश’ लिहिलं, संपादकांनी ‘बीजरेषा’ केलं. ज्योतिषाचं वाटत नाही का?

वाशीची मावशी: ‘वंश’ नको रे बाबा. लगेच दिवा आठवतो.

घोडबंदर_रोड: मावशी, हा प्राणी बहुतांशी उभयलिंगी. मुलगा हवा म्हणून कोणी अडून बसत नाही तिथं. शिवाय वंश म्हणजे मुळात वेळू. पेरामागून पेर, तसं पी१मागून पी२. याहून चपखल काय मिळणार?

ऐरोली_लॅब: जर्मलाइनच ठेवा, प्रयोगशाळेत सगळे तेच म्हणतात. खरी चूक ‘कण’ आणि ‘गोळा होतात’ यांत आहे. हे द्रव थेंब आहेत, हे २००९मध्ये दाखवलं गेलं. पुढच्या बाजूचे विरघळतात, मागे नव्यानं साकळतात. तुमच्या वाक्यात ते चालत गेलेत.

वाशीची मावशी: साकळतं ते रक्त! थेंब ‘धरतात’ म्हणा.

नौपाडाकर: पण इंग्रजीतही ‘ग्रॅन्यूल’च आहे, ऐंशीच्या दशकापासून. त्यांनी नाही बदललं, मी का बदलू?

ऐरोली_लॅब: त्यांची सवय आपण का उचलायची? पुढे ते केंद्रकाच्या पडद्याला बाहेरून चिकटून बसतात, तिथं ‘कण’ खपेल एक वेळ.

डाळिंबवाला_कोपरखैरणे: आमच्याकडे सूत्रकृमी म्हणजे मुळांवरच्या गाठी. मासिक गावाकडे गेलं तर लोक फवारणी विचारतील. हा प्रकार मातीत, कुजक्या फळांवर जिवाणू खाऊन जगतो, पिकाला काही करत नाही, हे आधी लिहा.

घोडबंदर_रोड: पेर आणि पेरणे एकच बरं का. म्हणजे वेळूतच बीज आलं, ‘वंश’ म्हटलं की संपादकही खूश.

वाशीची मावशी: काहीतरीच! पेर आलं ‘पर्व’वरून. उसाचं पेर, बोटाचं पेर. पेरण्याचा काय संबंध?

घोडबंदर_रोड: ऊस पेरावरूनच लावतात, मावशी.

डाळिंबवाला_कोपरखैरणे: लावतात. पेरत नाहीत.