सोसायटीचा सीसीटीव्ही: रेकॉर्डिंग आपल्या डब्यात की कंपनीच्या क्लाउडवर?

चौथा_मजला

येत्या एजीएमला (वार्षिक सभेला) आमच्याकडे सीसीटीव्हीवरून खडाजंगी होणार आहे, म्हणून आधी इथे वाद घालून घेतो. जुना १६ चॅनलचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, थकलाय. समोर दोन कोटेशनं आहेत. एकात नवे आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे, एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) आणि त्यात ८ टीबीची हार्डडिस्क, म्हणजे डबा आपल्याच ऑफिसात. दुसऱ्यात डबाच नाही. कॅमेरे इंटरनेटवरून थेट कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे तिच्या सर्व्हरवर, रेकॉर्ड करणार आणि दर कॅमेऱ्यामागे दरवर्षी भाडं. कमिटीतली तरुण मंडळी दुसऱ्यावर फिदा आहेत. माझा ठाम विरोध आहे, आणि तो 'जुनं ते सोनं' छापाचा नाही.

आधी हिशेब. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मध्ये साधारण २ एमबीपीएस खातो असं धरू. दिवसाला २१.६ जीबी झाले. सोळा कॅमेऱ्यांचे ३४५ जीबी, महिन्याचे १० टीबीच्या वर. हे सगळं वर पाठवायचं तर ३२ एमबीपीएसचा अपलोड चोवीस तास हवा. 'अनलिमिटेड' म्हणून विकतात त्या फायबर प्लॅनना बऱ्याचदा ३.३ टीबीची मर्यादा असते. म्हणजे दहाव्या दिवशी नेट रांगायला लागणार. यावर विक्रेत्याचं उत्तर: "सर, आम्ही फक्त हालचाल झाली तरच अपलोड करतो." आमच्या गेटवर हालचाल थांबते कधी? पहाटे दूधवाला, पेपरवाला, दिवसभर डिलिव्हरीवाले, रात्री कुत्री.

दुसरा मुद्दा भरवशाचा. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हरकाडा या क्लाउड कॅमेरा कंपनीत हॅकर घुसले आणि त्यांना सुमारे दीड लाख कॅमेरे उघडे मिळाले. त्यात दवाखाने होते, तुरुंग होते, टेस्लाचा कारखानासुद्धा होता. एका ॲडमिन खात्याची माहिती इंटरनेटवर उघडी पडली होती, तेवढ्यावर भागलं. आमचा डबा फोडला तर फार तर आमच्या बिल्डिंगचं जाईल.

आणि तिसरं म्हणजे भाडं थकलं की काय? खजिनदार बदलला, बँकेचं ऑटो-डेबिट बाउन्स झालं, आणि नेमका त्याच आठवड्यात चोर आला. तेव्हा आपलंच फुटेज बघायला आपण कोणाच्या दारात उभं राहायचं?

ढगफुटी

हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. तुमच्या डब्याची हार्डडिस्क गेली हे कळतं कधी? फुटेज लागतं त्या दिवशी. तोवर स्क्रीनवर लाइव्ह चित्र झकास दिसत असतं आणि वॉचमनला वाटतं सगळं चालू आहे. डिस्क एरर आली की जुने डबे पीं-पीं बीप मारतात. मग कोणीतरी वैतागून मेनूत जाऊन बझर बंद करतो आणि विषय संपतो. क्लाउडवर एक कॅमेरा दहा मिनिटं गप्प झाला तरी मोबाइलवर निरोप येतो.

शिवाय चोर आता शहाणे झालेत. ते जाताना डीव्हीआरही घेऊन जातात. सोसायटी ऑफिसचं कुलूप म्हणजे काय मोठं दिव्य!

व्हरकाडाचं सांगितलंत, मग ऑक्टोबर २०१६ ही सांगा की. मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास कोलमडले. ते डबे क्लाउडवर नव्हते, लोकांच्या ऑफिसात आणि दुकानातच होते. डबे बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. डबा घरात ठेवायचा आणि पासवर्ड 'ॲडमिन' ठेवायचा, हे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या प्रसूती रुग्णालयातल्या सीसीटीव्हीतले तपासणीचे व्हिडिओ टेलिग्रामवर विकले गेले, ते आठवतंय ना? तुमच्या डीव्हीआरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) शेवटचं कधी अपडेट केलं ते सांगा, मग पुढे बोलू.

उगाच

आमच्याकडे रात्री दोननंतर वॉचमनच क्लाउडवर असतो.

बीएनसी_बापू

मी ह्याच लाइनमध्ये आहे, नाशिकला. दोघांचंही वाचलं. दोघेही कोटेशनवर भांडताय, पण फसवणूक होते ती कोटेशनमधल्या 'हार्डडिस्क ८ टीबी' या एका ओळीत.

हार्डडिस्क कोणती, हे कोणी लिहीत नाही. डेस्कटॉपच्या साध्या डिस्कला वर्षाला ५५ टीबीच्या आसपास लिखाण-वाचन धरलेलं असतं. सर्व्हेलन्सची, म्हणजे वेस्टर्न डिजिटलची जांभळ्या लेबलची किंवा सीगेटची स्कायहॉक, तिला १८० टीबी. आता चौथ्या मजल्याच्या काकांचाच हिशेब लावा. ३४५ जीबी रोज म्हणजे वर्षाला १२६ टीबी. साधी डिस्क घातली की ती पहिल्या वर्षापासूनच मर्यादेच्या दुपटीवर पळते. आणि कोणी जुन्या एच.२६४ पद्धतीवर ४ एमबीपीएस ठेवलं (जुन्या सेटिंगमध्ये असतंच) तर २५२ टीबी होतात. तिथे जांभळीसुद्धा एकटी पुरत नाही. दिवसही बघा. त्या सेटिंगवर ८ टीबी बारा दिवसांत भरते. कमिटी समजते महिन्याचं रेकॉर्डिंग आहे.

दुसरा फरक कामाच्या पद्धतीत. कॉम्प्युटरच्या डिस्कला एखादा भाग वाचता आला नाही तर ती थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कारण फाइल बिघडली तर पंचाईत. व्हिडिओत एखादी फ्रेम गेली तर कोणाचं काही अडत नाही, पण डिस्क थांबली तर सोळा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग खोळंबतं. सर्व्हेलन्सची डिस्क एक फ्रेम सोडते आणि पुढे जाते. बाजारात मात्र काढून टाकलेल्या सर्व्हरच्या डिस्क नवं लेबल लावून फिरतात. सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी बघा, मगच पैसे द्या.

ढगफुटीसाहेब, रात्रीचा मुद्दा तुमच्याही नजरेतून सुटलाय. अंधारात चित्राला दाणे येतात, आणि कॅमेरा ते दाणेच हालचाल समजून साठवत बसतो. गेटला एक धड एलईडी लावला तर स्टोरेज वाचतं आणि चेहराही दिसतो. हे कोटेशनमध्ये येत नाही कारण त्यात आमचा धंदा नाही.

शेवंती

तुम्ही सगळे साठवण्यावर बोलताय. मी काढण्यावर बोलते.

आमच्या पार्किंगमधून स्कूटर गेली तेव्हा चौकीतून सांगितलं, "पेनड्राइव्हवर फुटेज आणा." ६४ जीबीचा पेनड्राइव्ह डबा ओळखेना. त्याला जुन्या फॉरमॅटचा, एफएटी३२ वालाच हवा. तो कोणाकडून तरी आणला. मग अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग तुकड्या-तुकड्यांत उतरलं, प्रत्येक तुकड्याला आकड्यांचं लांबलचक नाव. चौकीतल्या कॉम्प्युटरवर ते उघडेना. सोबत कंपनीचा प्लेअर होता, पण तिथे काही इन्स्टॉल करायला परवानगी नाही. शेवटी हवालदार आमच्या ऑफिसात आले आणि स्क्रीनसमोर मोबाइल धरून शूटिंग करून घेऊन गेले. त्या व्हिडिओत चोरापेक्षा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जास्त स्पष्ट होतं.

त्याआधीचा आमचा डबा तर ब्राउझरमधून बघायचा तर फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायचा, त्यात ॲक्टिव्हएक्स नावाचा जोड टाकून. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर बंद केला. डबा ठणठणीत, डिस्क ठणठणीत, आणि बघायला दार नाही. म्हणून मला डबा की क्लाउड हा प्रश्नच दुय्यम वाटतो. फाइल साध्या एमपी४ मध्ये निघते का, आणि दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला तो कॅमेरा दिसतो का, एवढं आधी विचारा. ऑनव्हिफ हे समाईक मानक २००८ पासून आहे. ते पाळणारा कॅमेरा घेतला तर उद्या एनव्हीआर बदलता येतो. क्लाउडवाल्यांचे बरेचसे कॅमेरे त्यांच्याच क्लाउडला बांधलेले असतात. भाडं बंद केलं की भिंतीवर खिळ्याला टांगलेलं प्लास्टिक.

ढगफुटी

शेवंती, तुमचा अनुभव हीच क्लाउडची जाहिरात आहे! वेळ निवडा, लिंक पाठवा, झालं. आणि शोधणं तर विसरलातच. डब्यात चार तासांचं रेकॉर्डिंग बोटाने पुढे सरकवत बसावं लागतं. नवी सॉफ्टवेअरं माणूस, गाडी, कुत्रा वेगळे ओळखतात. 'रात्री १ ते ४, गेट नंबर २, दुचाकी' असं विचारलं की समोर येतात त्या चार क्लिप. स्टोरेज हा मुद्दा जुना झालाय, आता पैसे जातात ते शोधायचे.

चौथा_मजला

आता चांगल्या एनव्हीआरमध्ये आणि कॅमेऱ्यातही माणूस-गाडी ओळखणं येतं, त्याला क्लाउड लागत नाही. आणि लिंकने पाठवलेलं फुटेज कोर्टात टिकतं का, हे कोणी वकिलांनी सांगावं.

कायद्याचं_बोला

टिकतं, पण नुसतं फुटेज नाही. सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून गणिताने निघणारा तिचा ठसा) लिहायची. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी हॅश बदलते, त्यामुळे हवालदारांनी मोबाइलवर शूट केलेला व्हिडिओ ही मूळ रेकॉर्डिंगची प्रत ठरतच नाही, ती स्क्रीनची फिल्म आहे.

यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रीकरण. सीडी होत्या, प्रमाणपत्र नव्हतं. जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणून दाखवलं तर नको. त्या खटल्यात प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, म्हणून पुरावा वाचला.

आता तुमच्या वादात हे बसवा. डबा असेल तर पोलिस सरळ पंचनामा करून डबाच उचलून नेऊ शकतात. पुरावा पक्का, पण खटला चालू असेपर्यंत तुमची बिल्डिंग आंधळी. क्लाउड असेल तर मूळ यंत्र कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये. ते कोर्टात आणणार कोण? आणि प्रमाणपत्रावर सही कोण करणार, सेक्रेटरी की कंपनी? करारात हे वाक्य मी अजून पाहिलेलं नाही. ते आधी घालून घ्या.

चौथा_मजला

हेच म्हणतोय मी. आपल्या वस्तूवर आपली सही चालते.

ढगफुटी

आणि सही करणारे सेक्रेटरी दरवर्षी बदलतात. प्रमाणपत्रात 'यंत्र नीट चालत होतं' असं लिहावं लागतं. तुमच्या डब्याचं घड्याळ तरी बरोबर आहे का? आतला सेल संपला आणि वीज गेली की पुष्कळ डबे थेट सन २००० मध्ये जाऊन बसतात. चोरी तेव्हा झाली असं लिहून देणार का?

शेवंती

अजून एक. किती दिवस ठेवायचं हे कोणी ठरवलंय? पोलिस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये १८ महिने सांगितले, निदान एक वर्ष. सोसायट्यांत 'डिस्क भरेपर्यंत' हाच नियम. आणि कोण बघू शकतं? आमच्याकडे ॲपचा लॉगिन आठ जणांकडे होता. त्यातले दोघे फ्लॅट विकून गेले तरी त्यांच्या मोबाइलवर लहान मुलांचं खेळायचं मैदान लाइव्ह दिसत होतं. हा प्रश्न डब्यातही आहे आणि क्लाउडवरही. एजीएममध्ये मात्र फक्त किमतीवर बोलतात.

बीएनसी_बापू

ताईंचं खरं आहे. आता माझं मत सांगतो, धंदा बाजूला ठेवून.

सगळे सोळा क्लाउडवर टाकायची गरज नाही. काकांनी काढलेला अपलोडचा आकडा सोळांचा आहे. गेट, पार्किंगचा रस्ता, लिफ्टची लॉबी असे तीन-चार कॅमेरे वर टाका, बाकी एनव्हीआरवर. चार कॅमेऱ्यांना ८ एमबीपीएस पुरतात, आणि डबा चोरीला गेला तरी चोराचं तोंड वर राहतं. जमलं तर कॅमेऱ्यातच एक मेमरी कार्ड घाला, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं. मोबाइलचं साधं कार्ड सतत लिहून लवकर मरतं. केबल तुटली तरी कॅमेरा कार्डावर लिहीत राहतो, आणि चांगल्या एनव्हीआरमध्ये लाइन आली की मधला तुकडा आपोआप भरून निघतो.

कॅमेरा घेताना एसटीक्यूसीचं (सरकारच्या चाचणी संस्थेचं) प्रमाणपत्र बघा. ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेची ती चाचणी पास झाल्याशिवाय सीसीटीव्ही कॅमेरा देशात विकायला परवानगी नाही. जुना माल 'ऑफर'मध्ये येईल, घेऊ नका.

ढगफुटी

बापू, तुमच्या उपायात सोसायटीला दोन यंत्रणा सांभाळाव्या लागणार. एक सांभाळता येत नाही म्हणून तर हा धागा आहे.

बीएनसी_बापू

ते काम एएमसीवाल्याचं (वार्षिक देखभालीचं कंत्राट असतं त्याचं). त्यातलीच मेख सांगतो, आमच्याच लाइनमधली. कित्येक जण ॲडमिन पासवर्ड गिऱ्हाइकाला देतच नाहीत, एक साधा युजर बनवून देतात. पुढे एएमसी दुसऱ्याला दिली की डबा तुमचा आणि ताबा त्याचा. मग डब्यातून रीसेटची फाइल काढा, कंपनीला मेल करा, बिल दाखवा, उत्तराची वाट बघा. क्लाउडचंही तेच. खातं इन्स्टॉलरच्या ईमेलवर उघडलेलं असतं. सोसायटीच्या स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून घ्या, तुमच्यासमोर ॲडमिन खात्यात लॉगिन करायला लावून पासवर्ड बदलून घ्या, घड्याळ इंटरनेटवरून लावून घ्या, आणि एक क्लिप पेनड्राइव्हवर काढून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. शेवटचा चेक त्याच्यानंतर.